दहा रविवार, सोळा पानं: आठवी ते दहावीच्या मुलांसाठी फोटो आणि डिझाइनचा वर्ग

पालकहो, नमस्कार.

दिवाळीनंतरच्या वर्गाची चौकशी करायला आपण स्टुडिओत येता, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "कॅमेरा कोणता घेऊ?" कृपया कोणताच घेऊ नका. घरातला फोन पुरतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० गुणिले ३००० ठिपके असतात. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, अख्खं ए-फोर पान छापायला साधारण ३५०८ गुणिले २४८० ठिपके लागतात. म्हणजे पानभर फोटो छापूनही थोडे ठिपके शिल्लक राहतात. मागे एका मुलीला घरच्यांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून महागडा कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन दिल्या. पडला तर काय, या भीतीनं तो बॅगेतच राहायचा. शेवटी तिनं सगळं काम आईच्या फोनवर केलं आणि सुंदर केलं.

या वर्गात प्रत्येक मूल साधारण १६ पानांची एक छोटी पुस्तिका पूर्ण करतं. फोटो त्याचे, मजकूर त्याचा, मांडणीही त्याचीच. सॉफ्टवेअरची बटणं पाठ करून घेणं आम्हाला पटत नाही, कारण बटणं बदलत राहतात. फोटोंसाठी जिंप, चित्रांसाठी इंकस्केप आणि पानांच्या मांडणीसाठी स्क्राइबस ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, त्यामुळे घरी सराव करायला वेगळा खर्च नाही.

पहिला रविवार अंधारात जातो. खोलीच्या खिडक्या काळ्या कागदानं बंद करायच्या आणि एका कागदाला करंगळीच्या टोकाएवढं भोक पाडायचं. दोन मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उलटा दिसू लागतो. रिक्षा चाकं वर करून जाते, माणसं छताला पाय लावून चालतात. भोक मोठं केलं की चित्र उजळतं पण पुसट होतं. लहान केलं की रेखीव होतं पण मंदावतं. दहावीच्या विज्ञानातला भिंगांचा धडा ज्यांना रुक्ष वाटतो, ती मुलंही इथे खुर्ची भिंतीजवळ ओढून बसतात. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही रंगवली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो रोज पाहणाऱ्या मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगतो.

पुस्तिकेचा विषय मुलानं निवडायचा, पण चालत किंवा सायकलवर पोचता येईल असा. चप्पल लाइनमधला कारागीर, पंचगंगेचा घाट, आजीचं शिवणयंत्र, काहीही. त्याआधी सगळ्यांना एका गुऱ्हाळावर नेतो, कारण उजेड शिकायला इतकी चांगली जागा आम्हाला दुसरी माहीत नाही.

उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीवर वाफ दाटलेली असते. उजेड पाठीशी घेऊन फोटो काढला तर नुसता पांढुरका पडदा दिसतो, आणि फ्लॅश मारला तर त्याहून वाईट. उजेड पलीकडून येईल अशा बाजूला उभं राहिलं की त्याच वाफेला आकार येतो. तिथेही फोन आपसूक अंधार उजळायला जातो आणि वाफ पांढरी फट्ट होते. म्हणून फोनच्या स्क्रीनवर वाफेवरच बोट टेकवायचं आणि उजेड खाली ओढायचा. कॅमेऱ्याचं शटर १/५०० सेकंदच उघडं ठेवलं तर गुळव्याचा ढवळणारा हात जागच्या जागी थबकतो, १/१५ ला त्याची वाहती रेघ होते. अंधाऱ्या छपरात १/५०० हवं असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. दोन्ही फोटो काढायचे आणि आपल्या पानाला कोणता हवा ते मुलानंच ठरवायचं. आम्ही उत्तर देत नाही.

एक नियम मात्र कडक आहे. विचारल्याशिवाय कोणावर फोन रोखायचा नाही, आणि ज्यांचा फोटो पुस्तिकेत येईल त्यांना एक प्रत स्वतः नेऊन द्यायची.

आता अक्षरं. मराठी मजकुराची मांडणी शिकवताना आम्ही सर्वांत जास्त वेळ इथे देतो, कारण इंग्रजीसाठी केलेले नियम देवनागरीला लावले की शब्द मोडतो. दोन अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. गेल्या वर्षी एका मुलीच्या मुखपृष्ठावर "गुर्हाळ" असं उमटत होतं. तिला वाटलं, फॉन्टच बिघडला. फॉन्ट ठीक होता. र, हलन्त आणि ह टाइप केला की रफार येतो; आपल्याला हवा असतो "ऱ्ह". त्यासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'J' ची कळ दाबायची, मग हलन्त, मग ह. "गुऱ्हाळ" नीट उमटलं तेव्हा तिनं वहीत तो शब्द चार वेळा लिहून पाहिला. फॉन्ट आम्ही 'मुक्ता' किंवा 'बलू' वापरायला सांगतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेले हे युनिकोड फॉन्ट मोफत आहेत, आणि फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तरी मजकुराचा कचरा होत नाही.

छपाईत पानं चारच्या पटीत लागतात, कारण एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. चौदा पानं भरली तर दोन वाढवा, नाहीतर दोन पानं गाळून बारा करा. हा निर्णय मुलांना फार जड जातो आणि तो त्यांनीच घ्यावा असं आम्हाला मनापासून वाटतं. स्क्रीनवरचा उसाचा हिरवागार रंग कागदावर मंद उतरतो, म्हणून आधी एक प्रूफ काढून खिडकीच्या उजेडात पाहतो. कडेपर्यंत जाणारा फोटो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवायचा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ राहते.

फोटोंवर हक्क मुलाचाच राहील. आपल्या लेखी परवानगीशिवाय आम्ही मुलांचं काम किंवा चेहरे कुठेही टाकत नाही. इंटरनेटवरून उचललेलं चित्र पुस्तिकेत चालणार नाही.

वर्ग रविवारी सकाळी ९ ते १२, एका तुकडीत १२ मुलं. फी ४,५०० रुपये. त्यात पुस्तिकेच्या २५ प्रतींची छपाई आणि गुऱ्हाळाची सहल आली. एकरकमी जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा, तीन हप्ते करू.

पहिल्या दिवशी येताना फोनमध्ये जागा रिकामी करून द्या, कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा आणि सोबत एक कोरी वही पाठवा. फोटो आमच्याकडे द्यायचे ते डेटा केबलनं किंवा व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. साध्या फोटोसारखे पाठवले की त्यांचा आकार घटतो आणि छापताना कडा फाटतात.