सी-अर्चिनचे फलनावरण: ऑक्सिजन नेमका गेला कुठे?

शुक्राणू आत शिरला की सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्याभोवतीचा पातळ थर मिनिटभरात वर उचलला जातो, ही नोंद १८४७ची. हाच थर पुढे कडक होऊन फलनावरण बनतो. पुढचा बराच काळ सूक्ष्मदर्शकातून पाहण्यात आणि वर्णने लिहिण्यात गेला.

फलनानंतर अंडे जास्त ऑक्सिजन कशासाठी वापरते, या वादाचे मूळ १९०८ मधले. फलनानंतर अंड्याचा ऑक्सिजनचा वापर एकदम कित्येक पटींनी वाढतो, असे तेव्हा मोजले गेले. अर्थ सोपा लावला गेला: सुस्त अंडे जागे झाले, त्याला ऊर्जा लागते, म्हणून श्वसन वाढले. मोजमाप अचूक होते, अर्थ मात्र बहुतांशी चुकला. ऊर्जेसाठीचे श्वसन सायनाइडने बंद पडते, पण ऑक्सिजन-वापराची ही सुरुवातीची उसळी त्याने बंद पडत नाही. १९७७ मध्ये कडक झालेल्या आवरणात टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जोड्या, म्हणजे प्रथिनांना एकमेकांशी शिवणारे टाके, सापडल्या आणि त्या जुळवणारे पेरॉक्सिडेज हे एन्झाइम अंड्यातच असल्याचे दिसले. या एन्झाइमला हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. वर्षभरात हिशेब लागला: त्या उसळीतला सुमारे दोन-तृतीयांश ऑक्सिजन पेरॉक्साइड बनवण्यातच खर्च होतो. म्हणजे अंडे दम घेत नव्हते, भिंत बांधत होते.

पेरॉक्साइड जादा शुक्राणूंना मारण्यासाठी असते, असाही एक पक्ष होता. तो पूर्ण खोडून काढता येत नाही. समोर इतक्या टायरोसिन-जोड्या असताना त्याला दुय्यम मानणेच रास्त वाटते. पेरॉक्साइड तयार करणारे ऑक्सिडेज २००४ मध्ये ओळखले गेले. आपल्या थायरॉइडमधले याच कामाचे एन्झाइम त्याच्याच कुळातले निघाले.

बाकीची जुळणी तोवर बरीच उलगडली होती. अंड्याच्या पृष्ठाखालच्या सुमारे १५,००० कणांतला माल कॅल्शियमची लाट येताच बाहेर पडतो. त्यातले प्रोटिएज हे प्रथिने कापणारे एन्झाइम थराला पेशीपटलाशी बांधणारी प्रथिने तोडते, मधल्या फटीत पाणी शिरते, थर उचलला जातो. प्रोटिओलिएसिन हे प्रथिन पेरॉक्सिडेजला कॅल्शियमच्या मदतीने योग्य जागी बसवते, त्यामुळे टाके भलतीकडे पडत नाहीत. ट्रान्सग्लुटामिनेज हे प्रथिने जोडणारे दुसरे एन्झाइम त्याआधीच काही बंध घालून ठेवते.

२००६ मधला शोध या साऱ्यांत सर्वांत चकित करणारा. रॉन्देविन हे एकाच जनुकाचे प्रथिन, पण त्याचा एक भाग आधीच बाहेरच्या थरात जाऊन बसतो आणि दुसरा कणांत बंद राहतो. फलनानंतर दोघे एकमेकांना चिकटतात आणि इतर प्रथिनांची मांडणी त्यांच्याभोवती लागते. अंड्यात इतकी प्रथिने साठवलेली असूनही आवरण वेळेआधी का तयार होत नाही, या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या विभागणीत आहे.

प्रयोगशाळेत आवरणाशिवाय भ्रूण हवे असतील तर अमिनोट्रायझोल हे रसायन देऊन पेरॉक्सिडेज अडवतात. आवरण उचलले जाते, पण मऊच राहते आणि जाळीतून गाळताना निघून येते. समुद्रात ही सोय नाही. तिथे भ्रूण स्वतःचे एन्झाइम सोडून आवरण विरघळवतो आणि पोहत बाहेर पडतो.