वाळूचा तळ ओसाड नसतो

"प्रवाळ असेल तिथेच जीवसृष्टी, बाकी समुद्रतळ म्हणजे नुसती वाळू नि चिखल, त्याचं कसलं सर्वेक्षण?" हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

कॅमेऱ्यात तळ रिकामा दिसतो, कारण तिथले बरेचसे रहिवासी गाळाच्या आत राहतात. म्हणून बोटीवरून ग्रॅब, म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी जबडा, खाली सोडतात. एका घासात साधारण 0.1 चौरस मीटर तळ उचलला जातो. तो गाळ 1 किंवा 0.5 मिलिमीटरच्या चाळणीवर धुतला की वर उरतात वळवळणारे पॉलिकीट कृमी, इवले शिंपले, हात तुटलेले ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशाचे लांब हातांचे नातेवाईक. कधीकधी शेकडो जीव! डेन्मार्कचे सागरी जीवशास्त्रज्ञ पेटरसन यांनी 20व्या शतकाच्या सुरुवातीलाच असे नमुने मोजून तळावरचे जीवसमूह वेगवेगळे ओळखले होते. गैरसमज मात्र अजून ठणठणीत.

सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरी सोडून तळ तपासणाऱ्या यंत्रावर, तरी सगळं कळतं का? नाही. खोली, उंचसखलपणा, तळ कठीण की मऊ याचा अंदाज येतो. तिथे कोण राहतं ते नमुना किंवा चित्रण पाहूनच ठरवावं लागतं. खडकावर ग्रॅबचा उपयोग नाही, तिथे पाणबुडे नाहीतर कॅमेराच उतरवतात.