डायलिसिसच्या रुग्णाला ‘भरपूर पाणी पाजा’ म्हणू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे किडनीच्या रुग्णाला भेटायला आलेलं माणूस हमखास सांगतं, ‘पाणी भरपूर पाजा, किडनी धुऊन निघते.’ सोबत दोन शहाळी. माया खरी, सल्ला घातक.

मुतखड्याला जास्त पाणी उपयोगी पडतं, समज तिथूनच पसरला असावा. पण किडनी निकामी होऊन लघवी घटली, की प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. 1 लिटर साठलं की वजन 1 किलो वाढतं. पाय सुजतात, रक्तदाब चढतो, फुप्फुसात पाणी भरून धाप लागते. म्हणून साधारणपणे आदल्या दिवशीची लघवी अधिक 500 मिली, एवढंच पातळ दिवसभरात देतात; नेमका आकडा डॉक्टर ठरवतात. चहा, ताक, आमटी, पेज, सगळं त्यात मोजायचं. शहाळ्यात तर पोटॅशियम भरपूर. ते रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात.

रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. तहान लागली तर चूळ भरू द्या. लोणचं, पापड बंद केले की तहानच कमी लागते. आणि फिस्टुलाच्या हातावर (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या हातावर) कुणालाही रक्तदाब मोजू देऊ नका.