अमेरिकेत जमिनीवरील तेल पाइपलाइनसाठी गळती प्रतिसाद आराखडा: कोणाला लागतो, त्यात काय असतं, कसा मंजूर होतो

अमेरिकेत जमिनीवरून तेल नेणारी पाइपलाइन चालवायची, तर ती फुटल्यावर काय करणार याचा लेखी आराखडा आधी सरकारकडे द्यावा लागतो. तो लागू असूनही दिला नसेल, तर त्या पाइपलाइनमधून तेल नेता येत नाही आणि साठवताही येत नाही. याचं मूळ मात्र समुद्रात आहे. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्झॉन व्हाल्डेझ जहाज खडकावर आदळलं, पुढच्या वर्षी तेल प्रदूषण कायदा आला आणि त्यात जहाजवाल्यांसोबत पाइपलाइनवालेही आले. जमिनीवरच्या पाइपलाइनचे नियम अमेरिकेच्या संघीय नियमसंग्रहात, '४९ सीएफआर भाग १९४' मध्ये आहेत. ते परिवहन खात्याची पीएचएमएसए ही पाइपलाइन आणि घातक पदार्थांची सुरक्षा बघणारी यंत्रणा राबवते.

कोणाला लागू?

पाइपलाइन कुठून जाते यावर सगळं ठरतं. गळलेलं तेल नौकानयनयोग्य पाण्यात किंवा त्याच्या काठावर पोहोचून पर्यावरणाची भरीव हानी होऊ शकत असेल, तर आराखडा बंधनकारक. 'तेल' या शब्दात कच्चं तेल, इंधन तेल, तेलमिश्रित गाळ आणि चक्क वनस्पती तेलही येतं. नैसर्गिक वायूच्या लाइनला हा भाग लागू नाही.

यातच एक वरची पायरी आहे, 'गंभीर आणि भरीव हानी'. व्यास ६ ५/८ इंचांहून जास्त आणि लांबी १० मैलांहून जास्त असलेल्या लाइनला पुढच्यापैकी एक जरी गोष्ट लागू झाली, तरी ती या वर्गात जाते: गेल्या पाच वर्षांत १,००० बॅरलहून मोठी गळती, त्याच काळात कळवण्याजोग्या दोन किंवा अधिक गळत्या, १९७० पूर्वी बनलेला ईआरडब्ल्यू (विजेच्या रोधाने सांधा जोडलेला) पाइप असून त्यावरचा ताण त्याच्या किमान यील्ड ताकदीच्या (धातू कायमचा वाकू लागतो त्या मर्यादेच्या) ५० टक्क्यांहून जास्त, पाच मैलांच्या आत पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक उपसा, किंवा एका मैलाच्या आत पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र. शेवटच्या दोन अटींत तेल तिथवर पोहोचण्याची वाजवी शक्यताही असावी लागते. एक तुकडा जरी असा निघाला, तरी त्या प्रतिसाद विभागातल्या (ऑपरेटरने गळती प्रतिसादासाठी आखलेल्या भागातल्या) सगळ्या लाइनला तोच दर्जा मिळतो.

सूटही आहे. मोठ्या आणि लांब लाइनची सर्वांत वाईट गळती १२ तासांत पाण्यापर्यंत किंवा संवेदनशील भागापर्यंत जाऊन नुकसान करण्याची शक्यता नाही, असं ऑपरेटरने ठरवलं, तर त्या तुकड्यासाठी आराखडा द्यावा लागत नाही. लहान आणि आखूड लाइनसाठी ही मुदत ४ तासांची. ठरवायचं ऑपरेटरने, त्यामुळे उतार, नाले आणि ओढे यांचा हिशोब कागदावर तयार ठेवलेला बरा.

सगळा डोलारा एका आकड्यावर

हा आकडा म्हणजे सर्वांत वाईट गळतीचं आकारमान. गळती सुरू राहण्याचा कमाल वेळ अधिक लाइन बंद करायला लागणारा कमाल वेळ, याला ताशी कमाल प्रवाहाने गुणायचं आणि लाइन बंद झाल्यावर पाइपमधून निथळून येणारं तेल त्यात मिळवायचं. हे उत्तर, आजवरची सर्वांत मोठी गळती (नंतरच्या सुधारणा धरून) आणि ब्रेकआउट टाकी (लाइनमधलं तेल तात्पुरतं साठवणारी टाकी) असल्यास सर्वांत मोठ्या टाकीचा हिशोब, या तिघांत जे मोठं ते धरायचं.

समजा प्रवाह ताशी ६,००० बॅरल आहे, निथळ ३,५०० बॅरल. गळती अर्ध्या तासात कळली आणि पाव तासात लाइन बंद झाली, तर ८,००० बॅरल. कळायला तीन तास लागले तर २३,०००. पाइप तोच, पंप तोच. म्हणून फाइल हातात आली की मी आधी वेळेचा रकाना बघतो. तो बहुतेकदा नियंत्रण कक्षातला सगळ्यात चांगला दिवस धरून भरलेला असतो. जुलै २०१० मध्ये मिशिगनमध्ये एनब्रिज या पाइपलाइन कंपनीची ३० इंची लाइन ६बी फुटली, तेव्हा धोक्याच्या सूचना येत असूनही ती पूर्ण बंद होऊन गळती मान्य व्हायला १७ तास गेले. मधल्या काळात लाइन दोनदा पुन्हा सुरूही केली गेली. तेल कालामाझू नदीत उतरलं.

फाइलमध्ये काय लागतं

एक मूळ आराखडा आणि प्रत्येक प्रतिसाद विभागाचं वेगळं परिशिष्ट. सुरुवातीच्या सारांशात कंपनीचं नाव-पत्ता, विभागातल्या काउंटी आणि राज्यं, मैलाच्या खुणांनुसार लाइनचे तुकडे, हानीचा वर्ग कशावरून ठरवला, तेलाचा प्रकार आणि वरचा आकडा. पुढे सूचना देण्याची पद्धत, गळती ओळखणं-रोखणं, प्रशिक्षण, उपकरणांची चाचणी, सराव. हे सगळं राष्ट्रीय आणि क्षेत्रीय आपत्कालीन योजनेशी जुळलं पाहिजे.

दोन जागी हात आखडता घेऊ नये. पहिली 'क्वालिफाइड इंडिव्हिज्युअल', म्हणजे गळती झाल्यावर कंपनीच्या वतीने माणसं आणि साधनं कामाला लावणारी व्यक्ती. ही व्यक्ती अमेरिकेतच हवी, इंग्रजी बोलणारी हवी, चोवीस तास उपलब्ध हवी आणि तिला पैसे खर्च करण्याचा पूर्ण अधिकार हवा. रात्री दोन वाजता वरिष्ठांची सही शोधणारा माणूस इथे चालत नाही. दुसरी जागा म्हणजे साफसफाई संस्थेशी केलेला करार. मोठी लाइन मोठी नदी ओलांडते अशा निर्दिष्ट भागांत मनुष्यबळ आणि साधनं ६, ३० आणि ५४ तासांच्या तीन टप्प्यांत पोहोचायला हवीत, इतरत्र १२, ३६ आणि ६० तासांत.

सादर केल्यावर

आराखडा पीएचएमएसएच्या वॉशिंग्टनमधल्या पाइपलाइन सुरक्षा कार्यालयाकडे जातो. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिलेला त्यांना जास्त चालतो. 'गंभीर आणि भरीव' वर्गाला मंजुरी लागते. ती येईपर्यंत दोन वर्षांपर्यंत काम चालू ठेवता येतं, पण माणसं आणि साधनं कराराने किंवा अन्य मान्य मार्गाने मिळवली आहेत असं प्रमाणित करावं लागतं. पीएचएमएसएने दाखवलेल्या त्रुटी पटल्या नाहीत, तर नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो.

मंजूर प्रत मुख्यालयाच्या कपाटात ठेवून भागत नाही. जिथून प्रतिसाद द्यायचा तिथेही संबंधित पानं हवीत, म्हणजे क्षेत्रीय कार्यालयात, सुपरवायझरच्या गाडीत किंवा उपकरणांच्या ट्रेलरमध्ये. दर पाच वर्षांनी फेरतपासणी करून आराखडा पुन्हा द्यायचा. मध्येच नवी लाइन जोडली, कच्च्या तेलाऐवजी पेट्रोल सुरू केलं, साफसफाई संस्था किंवा क्वालिफाइड इंडिव्हिज्युअल बदलली, तर बदल ३० दिवसांत कळवायचा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा फोन नंबर आराखड्यात तसाच राहतो, तो इथेच.