सहउद्दीपक रेणू आणि फुफ्फुसदाह

टी पेशीला (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीला) सक्रिय होण्यासाठी लागणारा दुसरा संदेश पुरवणारे पेशीपृष्ठावरील प्रथिन रेणू म्हणजे सहउद्दीपक रेणू. प्रतिजनाचा (शरीराला परक्या वाटणाऱ्या पदार्थाचा) तुकडा टी पेशीच्या ग्राहीला जुळणे हा पहिला संदेश. तेवढ्याने पेशी कामाला लागत नाही. प्रतिजन सादर करणाऱ्या पेशीवरील सीडी-८० किंवा सीडी-८६ हा रेणू टी पेशीवरील सीडी-२८ ला जोडला गेला, की ती जोमाने विभाजित होते. नुसता पहिलाच संदेश मिळालेली पेशी बधिर होते आणि पुढे तोच प्रतिजन आला तरी दाद देत नाही.

फुफ्फुसाच्या दृष्टीने ही अट जीवनावश्यक आहे. धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू श्वासागणिक आत येतात. प्रत्येकावर हल्ला झाला तर वायुकोशांचा पातळ पडदाच सुजून निकामी होईल. निरोगी वायुकोशांतील भक्षक पेशींवर सीडी-८० व सीडी-८६ अत्यल्प असतात. अतिसंवेदी फुफ्फुसदाहात, म्हणजे श्वासातून आलेल्या कणांना अतिरेकी प्रतिसाद दिल्याने फुफ्फुस सुजते तेव्हा, ते वाढलेले आढळतात. कबुतरांची विष्ठा व पिसांची धूळ यांमुळे होणारा, मुंबईतील कबुतरखान्यांच्या वादात चर्चेला आलेला आजार याच प्रकारचा. अंतराली फुफ्फुसविकारांच्या (वायुकोशांभोवतीच्या ऊतींच्या आजारांच्या) भारतीय नोंदवहीत (२०१७) सुमारे ४७ टक्के रुग्ण अतिसंवेदी फुफ्फुसदाहाचे होते.

ॲलर्जीच्या दम्यात टी पेशीवरील ओएक्स-४० हा सहउद्दीपक रेणू महत्त्वाचा ठरतो. श्वासनलिकेच्या अस्तराने सोडलेल्या टीएसएलपी या प्रथिनामुळे वृक्षिका पेशींवर (प्रतिजन सादर करणाऱ्या फांद्याफांद्यांच्या पेशींवर) ओएक्स-४० ला जुळणारा रेणू उमटतो. मग टी पेशी ॲलर्जी वाढवणाऱ्या टीएच-२ प्रकाराकडे झुकतात, इओसिनोफिल या दाहकारक पांढऱ्या पेशी गोळा होतात, श्लेष्मा वाढतो. उंदरांत सीडी-२८ चा मार्ग अडवला की हा दाह ओसरतो. माणसांत मात्र निराशा झाली : सीडी-८० व सीडी-८६ झाकणारे अबाटासेप्ट हे औषध सौम्य दम्याच्या रुग्णांना देऊनही ॲलर्जीकारकाने उठणारा दाह कमी झाला नाही (२०१३). दमेकऱ्याच्या फुफ्फुसात स्मृती टी पेशी (पूर्वी भेटलेला प्रतिजन लक्षात ठेवणाऱ्या) आधीच ठाण मांडून असतात आणि त्यांना सीडी-२८ ची गरज नवख्या पेशींपेक्षा कमी भासते, हे त्याचे पटण्याजोगे कारण आहे.

उलट टोकाचा अनुभव लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये आला. सीडी-२८ ला थेट चेतवणारे टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड (विशिष्ट रेणूला चिकटणारे प्रथिन) चाचणीत टोचल्यावर सहा निरोगी स्वयंसेवक काही तासांत अत्यवस्थ झाले. त्यांच्या फुफ्फुसांनाही इजा झाली. सुदैवाने सर्वजण वाचले.

या चेतनेला लगाम घालणारे रेणूही आहेत. सीटीएलए-४ हा सीडी-२८ पेक्षा घट्ट चिकटून सीडी-८० व सीडी-८६ बळकावतो. पीडी-१ हा सक्रिय झालेल्या टी पेशींना आवरतो. लगाम नसेल तर जंतूंचा नायनाट लवकर होईल असे वाटते, पण क्षयाने तो समज खोटा ठरवला. पीडी-१ नसलेले उंदीर क्षयाने सामान्य उंदरांपेक्षा लवकर मरतात आणि त्यांच्यातील सीडी-४ टी पेशी (इतर पेशींना मदत करणाऱ्या) काढून टाकल्या तर अधिक काळ जगतात.

कर्करोगावर हेच लगाम सोडवणारी औषधे दिली जातात. त्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन व तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काही रुग्णांना या औषधांमुळे फुफ्फुसदाह होतो. औषध थांबवून स्टेरॉइड द्यावे लागते. मात्र याच औषधांनी सुप्त क्षयही उफाळल्याची उदाहरणे आहेत. म्हणून भारतात अशा रुग्णाला नवा खोकला वा धाप लागली, तर स्टेरॉइडआधी थुंकीची किंवा श्वासनलिकेतील स्रावाची क्षयासाठी तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.