घरटे-निरीक्षण व छायाचित्रण (बेळगाव सीमाभाग)

पक्षी घरटे कोठे, केव्हा आणि कसे बांधतात हे त्यांच्या कामात अडथळा न आणता दुरून पाहणे, त्याची टिपणे ठेवणे आणि शक्य तेथे छायाचित्रे घेणे, याला घरटे-निरीक्षण म्हणतात. कर्नाटकातील बेळगाव जिल्हा आणि त्याला दक्षिणेकडून लागून असलेला हल्याळ–जोयडा हा पट्टा या कामासाठी फार अनुकूल आहे. त्याचे मुख्य कारण पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर, मलप्रभेच्या उगमाशी असलेल्या कणकुंबीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून दीडशे किलोमीटरांच्या आत असलेल्या अथणीत तो सहाशेच्या आतबाहेर राहतो. मधल्या टापूत दाट जंगल, खानापूर-बेळगावची भातखाचरे, चिक्कोडी-रायबागचे उसाचे मळे, निपाणीची तंबाखू आणि पूर्वेचा उघडा माळ एकामागून एक येतात. पक्ष्याचे बांधकाम पावसाच्या हिशेबाने चालते, त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन वेगवेगळी वेळापत्रके पाहायला मिळतात.

पावसाआधीचे आणि पावसातले

पश्चिमेकडच्या जंगलातली घाई पावसाआधीची. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात (घोषणा २०११) आणि दांडेलीच्या जंगलात धनेशाची (हॉर्नबिलची) मादी उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाच्या ढोलीत शिरते. तांबट, कुटुर्गा आणि सुतार हे पक्षी वाळक्या फांद्या पोखरू लागतात. तांबूस रंगाचा एक सुतार तर झाडावरच्या मुंग्यांच्या वारुळासारख्या गोळ्यातच भोक पाडून अंडी घालतो. मुंग्या त्या गोळ्यात राहत असतातच, आणि हा पक्षी एरवी त्याच मुंग्या खाऊन जगतो. माळावर वेडा राघू फेब्रुवारीपासून ओढ्याच्या उभ्या दरडीत बीळ खणतो. दरड पावसाने ढासळण्याआधी पिल्ले बाहेर पडायला हवीत. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंखही याच दिवसांत जुन्या झाडाची पोकळी शोधतो.

मृगाचा पाऊस झाला की दुसरी पाळी सुरू होते. गवत ओले आणि लवचीक होते, किडे वाढतात, पुढे गवताला बी धरते. सुगरण, मुनिया आणि वटवट्या यांना हेच हवे असते. जूनमध्ये जंगलातली बहुतेक घरटी रिकामी होत असताना शिवारातली बांधायला लागतात. नव्या निरीक्षकाने जंगलाच्या मागे न लागता या दुसऱ्या पाळीपासून सुरुवात करावी. पक्षी डोळ्यांसमोर असतात, माणसांना सरावलेले असतात, आणि चुकीची किंमत पक्ष्याला कमी मोजावी लागते.

गावातल्या जुन्या माणसांना हे सारे ठाऊक असते. कावळ्याने घरटे झाडाच्या शेंड्याला बांधले की मध्यावर, टिटवीने अंडी बांधावर घातली की खळगीत, यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत सीमाभागात अजून ऐकू येते. अंदाज किती खरा ठरतो हा वेगळा प्रश्न, पण त्यासाठी दरसाल घरटे शोधून त्याची उंची आणि जागा लक्षात ठेवावी लागते. हे निरीक्षणच आहे, आणि ते कोणत्याही पुस्तकाआधीचे आहे.

सुगरण

सीमाभागात घरटे बांधताना पाहावा असा पक्षी म्हणजे सुगरण (प्लोसियस फिलिपिनस, कन्नडमध्ये गीजग). तिचे खोपे बाभळीला, शिंदीला, नारळाला आणि विजेच्या तारांनाही लटकतात, पण सर्वांत आवडती जागा म्हणजे विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेली फांदी. पाण्यावर लोंबणाऱ्या बारीक डहाळीपर्यंत साप किंवा उंदीर पोचणे अवघड असते. वसाहत बहुधा झाडाच्या पूर्व अंगाला असते, कारण पाऊस-वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि झाडच आडोसा होते.

बांधणारा नर असतो. विणीच्या हंगामात त्याचे डोके हळदीसारखे पिवळे आणि चेहरा काळपट होतो. त्याचे काम जवळून पाहायचे तर दुर्बीण उसाच्या फडावर रोखावी. तो पात्यावर बसतो, बुडाकडे कडेला चोचीने एक खाच पाडतो, सुटलेली कड घट्ट धरतो आणि शेंड्याच्या दिशेने उडतो. उडण्याच्या जोरानेच पाते उभे फाटत जाते आणि वीतभर ते हातभर लांबीचा हिरवा दोरा चोचीत राहतो. भाताचे, शिंदीचे आणि नारळाचे पातेही तो असेच फाडतो. झाडावर आल्यावर दोऱ्याचे एक टोक पायाखाली दाबून दुसरे चोचीने आतबाहेर ओवतो. आधी डहाळीला गुंडाळी, मग लोंबता दोर, मग त्याला उभे कडे. त्या कड्यात बसूनच पुढचे सगळे विणकाम होते. एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत फेऱ्या होतात आणि सगळे काम साधारण अठरा दिवस चालते.

खोपा निम्मा झाला की त्याला शिरस्त्राणासारखा आकार येतो, आणि खालच्या तोंडावर एक आडवी पट्टी राहते. याच टप्प्यावर नर थांबतो. आतल्या भिंतीला ओल्या मातीचे किंवा शेणाचे ठिपके लावतो, आणि माद्यांचा थवा आला की खोप्याला लटकून पंख फडफडवत ओरडतो. मादी आत शिरते, पट्टीवर बसून पाहते, दोरे ओढते. तिने पसंत केला तर नर अंड्यांची खोली बंद करून खाली नळी विणतो, नाहीतर तो खोपा तसाच सोडून दुसरा सुरू करतो. म्हणून एकाच बाभळीवर पूर्ण खोप्यांबरोबर अर्धेही लोंबताना दिसतात. अर्धा खोपा वाऱ्याने तुटला असेल असे अनेकांना वाटते. बहुतेक वेळा तो नापसंत झालेला असतो. खोप्याच्या रंगावरूनही बरेच कळते: हिरवा असेल तर ताजा, पिवळसर असेल तर काही दिवसांचा, तपकिरी असेल तर जुना.

पसंती मिळालेला नर नळी पुरी करून पुन्हा नवा खोपा मांडतो, पुन्हा दुसऱ्या मादीला बोलावतो. दोन ते चार अंडी उबवणे आणि पिल्लांना भरवणे हे मुख्यतः मादीच्या वाट्याला येते. सुगरणीचा नर एका हंगामात अनेक माद्यांशी जोडी करतो हे पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी कोकणातल्या किहीम येथील वसाहतीच्या अभ्यासातून दाखवले, आणि तो अभ्यास १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याजवळ होते ते खोप्यांना दिलेले क्रमांक आणि रोजची टिपणे. ही पद्धत आजही कोणत्याही विहिरीकाठी वापरता येते.

वसाहती टिकण्यासाठी जागा टिकायला हव्यात. बोअर आले, उघड्या विहिरी बुजल्या किंवा त्यांच्यावर जाळ्या पडल्या, ओढ्याकाठच्या शिंदी आणि बाभळी सरपणाला किंवा रस्त्याला गेल्या. ऊस वाढल्याने विणायला सामान भरपूर झाले, पण टांगायला फांदी उरली नाही, असे काही शिवारांत दिसते. शेतकऱ्याने विहिरीवरची एक बाभूळ राखली तरी एक वसाहत राहते.

अंगणातली घरटी

बेळगाव शहरात, विशेषतः टिळकवाडीसारख्या झाडे असलेल्या भागांत, घरटे पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवतो. भोकाबाहेर आलेला धागा विस्कटून फुगतो आणि मागे सरकत नाही, गाठीची गरज पडत नाही. पानाची पिशवी झाली की आत कापूस भरला जातो. शिंजीर या छोट्या पक्ष्याची मादी व्हरांड्यातल्या तारेला किंवा वेलीच्या टोकाला लांबट थैली टांगते आणि बाहेरून साल, वाळके तुकडे, कोळिष्टके चिकटवते, त्यामुळे ते अडकलेल्या केरासारखे दिसते. झाडलोट करताना ते काढून टाकले जाते, म्हणून मार्चनंतर असा केर दिसला तर दोन दिवस थांबून पाहावे.

छायाचित्रण

सुगरणीची वसाहत पूर्वेकडे असते, याचा छायाचित्रकाराला थेट उपयोग होतो. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन झाडाच्या पूर्वेला उभे राहिले की प्रकाश खोप्यावर पडतो, आणि विणकामाची गडबडही सकाळीच जास्त असते. चारशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स पुरते. विणणाऱ्या नराला सेकंदाचा आठशेवा भाग चालतो, उडत येणाऱ्याला दोन हजारावा किंवा त्याहून कमी लागतो, आणि श्रावणातल्या अंधुक उजेडात त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनक्षमता) वाढवावाच लागतो. ढगाळ आकाश पांढरे असते. कॅमेरा त्याला प्रमाण मानतो आणि पक्षी काळा पडतो, म्हणून एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड वाढवून घ्यावा. स्वयंचलित फोकस लोंबत्या गवतावर अडकतो. तो खोप्याच्या तोंडावर एकदा जमवून पक्ष्याची वाट पाहणे सोपे जाते.

आडोशासाठी महागड्या तंबूची गरज नाही. भात लावणीच्या दिवसांत शिवारात इरली, गोणपाटाच्या खोळी आणि प्लॅस्टिकचे कागद पांघरलेली माणसे दिवसभर वावरतात, आणि पाखरांना त्यांची सवय असते. तशीच खोळ घेऊन बांधावर बसावे. रस्त्याकडेच्या वसाहतीसाठी गाडी हाच उत्तम आडोसा, खिडकीवर तांदळाची पिशवी टेकवली की ट्रायपॉडही लागत नाही. खासगी शेतात जाण्याआधी मालकाला विचारावे. बहुतेक जण खुशीने जागा दाखवतात, आणि वसाहत कधीपासून आहे हेही सांगतात. जांबोटी-चोर्ला भागातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, म्हणून कॅमेरा सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवणे आवश्यक आहे.

आता महत्त्वाचे. छायाचित्रण बांधकामापुरते ठेवावे. विणणारा नर माद्यांना दिसावे म्हणूनच उघड्यावर काम करतो, त्याला दुरून पाहणाऱ्याचा त्रास होत नाही. अंडी उबवणाऱ्या किंवा पिल्ले भरवणाऱ्या पक्ष्याची गोष्ट वेगळी. धनेशाची मादी ढोलीचे तोंड विष्ठा आणि अन्नाच्या लगद्याने लिंपून, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवून, स्वतःला कोंडून घेते. तीन-चार महिने ती आणि पुढे पिल्लेही नराच्या चोचीतून येणाऱ्या फळांवर जगतात. झाडाखाली कॅमेरे दिसले की नर फळे घेऊन दूरच घुटमळतो, आणि त्या प्रत्येक खेपेचा उपास आत पडतो. बेडूकतोंड्या म्हणजेच फ्रॉगमाउथ आडव्या फांदीवर, स्वतःची पिसे आणि शेवाळ यांच्या छोट्याशा गादीवर एकच अंडे घालतो आणि वाळक्या फांदीसारखा निश्चल बसून राहतो. तो उडाला नाही म्हणजे तो निर्धास्त आहे असा अर्थ काढणे चूक आहे.

चित्र स्वच्छ यावे म्हणून घरट्यासमोरची पाने छाटली की पिल्लांवर ऊन पडते आणि कावळ्याला वाट मोकळी होते. फ्लॅश, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे, आणि घरट्याच्या जागेचा नकाशा समाजमाध्यमांवर टाकणे, हे तिन्ही टाळावेत. पक्षी चोचीत चारा धरून फांदीवर थांबला असेल, सतत ओरडत असेल, किंवा टिटवी पंख मोडल्यासारखी सरपटत असेल, तर आपण फार जवळ आहोत. त्याच क्षणी मागे व्हावे. अनेक स्पर्धांनी घरट्यातली छायाचित्रे स्वीकारणे बंद केले आहे, आणि तो निर्णय योग्य आहे.

कायदा आणि नोंदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का पोचवणे हेही येते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनखात्याची परवानगी लागते. भीमगडला जसे हे लागू आहे तसेच गोकाक तालुक्यातील धुपदाळ जलाशयाभोवतीच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यालाही. तेथील करकोचे पाहायला हिवाळ्यात गर्दी होते, पण पाणपक्ष्यांच्या वसाहतीला पाण्यातून वळसा घालणे हिवाळ्यातही इष्ट नाही.

बेळगावच्या घरट्यांच्या लिखित नोंदी जुन्या आहेत. येथील छावणीत असलेले लष्करी अधिकारी ई. ए. बटलर यांनी १८८०-८१ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, आणि पक्षी-अभ्यासक ए. ओ. ह्यूम यांच्या घरटी व अंडी यांवरील संकलनात बेळगावची बरीच माहिती त्यांच्याकडून आली. त्या काळी नोंद म्हणजे घरटे उतरवणे आणि अंडी पेटीत ठेवणे. तारखा आजही मोलाच्या आहेत, कारण त्याच गावाचा विणीचा हंगाम आजच्या नोंदींशी ताडून पाहता येतो.

आज त्यासाठी वही पुरते. तारीख, गाव, झाडाची जात, जमिनीपासून उंची, खाली पाणी आहे की नाही, आणि कडे, अर्धा खोपा, नळीचा खोपा अशा टप्प्यांनुसार मोजणी, एवढे दर आठवड्याला लिहिले की हंगाम उभा राहतो. पक्ष्याचे मराठी नाव, कन्नड नाव आणि शास्त्रीय नाव तिन्ही लिहावीत, म्हणजे वनरक्षकाशी आणि पुढच्या अभ्यासकाशी बोलताना घोटाळा होत नाही. ई-बर्ड या संकेतस्थळावर घरट्याचे सामान नेणारा पक्षी, बांधकाम चालू असणे आणि पिल्लांना चारणे यांसाठी वेगवेगळे संकेत आहेत, ते निवडल्यास साध्या यादीची विणीची नोंद होते. ऑक्टोबरनंतर रिकामे खोपे शोभेसाठी तोडून नेले जातात. ते झाडावरच राहू द्यावेत, कारण सुगरणींनी सोडलेल्या खोप्यांत मुनिया राहतात, आणि हिवाळ्यातल्या वहीत त्यांचे स्वतंत्र पान निघते.