इजिप्तची थडगी पाहायला जाताना: व्हिसा, तिकिटं आणि कागदपत्रं

इजिप्तच्या तयारीत आपण सगळा जीव व्हिसात घालतो आणि तिकिटांचं 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणतो. माझ्या मते तिकिटांचा अभ्यासही तेवढाच आधी करायला हवा.

आधी व्हिसा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान ६ महिने हवी. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू आणि आधी वापरलेला व्हिसा असेल, तर भारतीयांना इजिप्तच्या विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळू शकतो. 'वापरलेला' हा शब्द नीट वाचा. नुसता व्हिसा असून भागत नाही. बाकीच्यांना आधीच अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना मुंबईतला इजिप्तचा वाणिज्य दूतावास सोयीचा. भरलेला अर्ज, फोटो, परतीचं विमान तिकीट, हॉटेलचं बुकिंग, बँक स्टेटमेंट आणि नोकरी-धंद्याचा पुरावा एका फाइलमध्ये लावून ठेवा. सरकारी ई-व्हिसा पोर्टलवर अर्ज करायचा असेल तर यादीत आपलं नागरिकत्व आहे ना, ते आधी पाहा आणि निघण्याच्या किमान ७ दिवस आधी अर्ज करा. जास्तीचे पैसे उकळणाऱ्या, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट्सपासून सांभाळा. नियम बदलत असतात, म्हणून विमानाचे पैसे भरण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

आता नाईलकाठचं लक्सर शहर. राजांच्या खोऱ्यात ६० हून अधिक थडगी सापडली आहेत, पण साध्या तिकिटावर त्या दिवशी उघडी असलेल्यांपैकी तीनच पाहता येतात. तुतनखामुन, सेती पहिला आणि रामसेस सहावा या राजांच्या थडग्यांची तिकिटं वेगळी. ती आधीच घ्यावी लागतात; थडग्याच्या दारात मिळत नाहीत. सेतीचं बरंच महाग आहे.

पैसे मोजूनच जायचं असेल तर मी तुतनखामुन आणि रामसेस सहावा ही जोडी सुचवेन. दोन्ही थडगी अगदी शेजारी आहेत. रामसेसचं थडगं खोदताना कामगारांनी ज्या झोपड्या बांधल्या, त्यांच्याखालीच तुतनखामुनचं दार गाडलं गेलं आणि नंतरच्या चोरांच्या नजरेतून सुटलं. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या माणसांना पहिली पायरी लागली ती तिथेच. आत जागा जेमतेम. एका भिंतीवर ओळीने १२ माकडं रंगवली आहेत आणि काचेच्या पेटीत खुद्द राजाची ममी आहे. तिथून बाहेर पडून रामसेसच्या थडग्यात शिरलात की छतावर नुत देवी भेटते: संध्याकाळी सूर्य गिळणारी, सकाळी त्याला पुन्हा जन्म देणारी.

आईवडील सोबत असतील तर साध्या तिकिटावरच्या तीनपैकी एक रामसेस चौथ्याचं निवडा. वाट रुंद आणि उतार सौम्य आहे. तुतमोस तिसऱ्याच्या थडग्याचे जिने गुडघ्यांची परीक्षा घेतात.

बऱ्याच मोठ्या ठिकाणी खिडकीवर रोख घेत नाहीत, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून निघा. विद्यार्थ्यांना साधारण निम्मा दर लागतो. मूळ ओळखपत्र लागतं, आंतरराष्ट्रीय असेल तर उत्तम. चार-पाच दिवस राहून सगळं पाहायचं असेल तर लक्सर पासचा, म्हणजे अनेक ठिकाणांच्या एकत्र तिकिटाचा, हिशेब करा. त्यासाठी पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो जवळ ठेवा. मोबाइलने फोटो काढायला बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत; ट्रायपॉडला परवानगी लागते आणि ड्रोन तर घरीच ठेवा.

कैरोत एक गल्लत फार होते. तुतनखामुनच्या ५,००० हून अधिक वस्तू गिझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. त्याचं अधिकृत उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ ला झालं. तिथलं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइन काढा. राजघराण्यातल्या ममी मात्र तिथे नाहीत. ३ एप्रिल २०२१ रोजी २२ ममी मिरवणुकीने कैरोच्याच फुस्तात भागातल्या संस्कृती संग्रहालयात नेल्या, आणि त्या दालनात फोटो काढायला मनाई आहे.

नव्या उत्खननांत पर्यटकाच्या तिकिटावर शिरता येत नाही. तिथे पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. वाळवंटातला एखादा जुना तुकडा खिशात टाकून आणणं हा १९८३ च्या कायद्याने गुन्हा आहे. असे तुकडे जागेवर राहिले तर काय सांगतात, याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरात बुद्धाची मूर्ती सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. तिथेच दोन नाणीही मिळाली होती, सातवाहनांची. आपल्या पैठणहून राज्य करणाऱ्यांची.